आमच्या स्वयंपाकघराचा कायापालट

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक म्हणत आले आहेत. ही दोन्ही कामे एकाच वर्षी अंगावर आली म्हणजे काय होते, याचा अनुभव गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाने घेतला. घर नव्याने बांधावयाचे नव्हते, हे खरे. परंतु थोरल्या मुलाचा विवाह पास्काच्या सणानंतर ठरला, आणि नवी सूनबाई ज्या स्वयंपाकघरात वावरणार त्याच्याकडे घरातील प्रत्येक जण एकाएकी परक्याच्या दृष्टीने पाहू लागला. इतकी वर्षे ज्या भिंतींवर आम्ही नजरही टाकली नव्हती, त्यांची आता आम्हांला लाज वाटू लागली.

खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात घरे जांभ्या दगडाची आणि छपरे मंगळुरी कौलांची. पाऊस आडवातिडवा कोसळतो, म्हणून पाखे खाली उतरलेली आणि खिडक्या लहान. आमचे स्वयंपाकघर बारा फूट लांब व दहा फूट रुंद. मागल्या बाजूस एकच झरोका, एका कोपऱ्यात दोन तोंडांची चूल व तिला वैल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी, भिंतीत पाच कोनाडे. चुलीच्या वरची भिंत व वासे काजळीने इतके काळवंडलेले की, भर दुपारीही दिवा लावल्यावाचून तांदळातला खडा दिसू नये. गॅसची शेगडी घरी आली होती. पण ती एका डुगडुगत्या लाकडी टेबलावर पाहुण्यासारखी बसलेली. सकाळचा चहा तेवढा तिच्यावर, बाकी सारे चुलीवर.

मुलाने शहरातील एका दुकानात चौकशी केली. भिंतीवर बसविलेली चकचकीत कपाटे, खालीवर सरकणारे खण, धूर ओढून घेणारे यंत्र, असे सारे मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये सांगण्यात आले. लग्नाचा खर्च वेगळाच. काजूच्या बागेवर सोसायटीचे कर्ज काढावे असे त्याच्या मनात होते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. बेळगावात वाढलेल्या मुलीने आपल्या घरी येऊन धुरात डोळे चोळीत बसू नये, एवढीच त्याची इच्छा होती. यजमान दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘बाग माझ्या बापाने लावली आहे. ती कपाटासाठी गहाण पडणार नाही.’ मग त्यांनी काजूच्या बियांचे अठरा हजार रुपये काढून माझ्या हाती दिले आणि सांगितले, ‘एवढ्यात जे होईल ते करा.’

बाप-लेकांत आठवडाभर अबोला होता. त्या आठवड्यात मी वही घेऊन स्वयंपाकघरात बसत असे आणि अठरा हजारांत काय काय होईल याचे आकडे मांडीत असे. पैशाची अडचण मोठी होतीच, परंतु खरी अडचण दुसरीच होती. ती अडचण म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाईंचे वय एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूत डोळ्याच्या मागील मज्जातंतूच झिजतो, आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरली आहे ती टिकावी म्हणून रोज थेंब घालावयाचे. त्यांना समोरचे थोडेसे, नळीतून पाहावे तसे दिसते. बाजूचे दिसत नाही, आणि मंद प्रकाशात तर जवळजवळ काहीच नाही. तरीही त्या स्वयंपाकघर सोडीत नाहीत. मीठ तिसऱ्या कोनाड्यात, चिंच त्याच्या डावीकडे, पाण्याची घडवंची दारापासून चार पावलांवर, विळी भिंतीला टेकवून पाते आत वळवलेली, हा सारा नकाशा त्यांच्या बोटांत आहे. डोळे गेल्यापासून त्या अंगणातही एकट्या उतरत नाहीत, पण या बारा फुटांत त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाही. नव्या कपाटांचे बोलणे त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, ‘मिठाची बरणी हलवू नकोस हं, बाय.’

म्हणजे ज्या मुलीसाठी सारे करावयाचे तिला हे घर नवे वाटले पाहिजे, आणि जिने पंचावन्न वर्षे येथे काढली तिला ते नवे वाटता कामा नये. ही गोष्ट मी मुलाला सांगितली. त्याला ती पटली; किंबहुना माझ्यापेक्षा त्यालाच ती अधिक लागली. तेव्हापासून बाप-लेकांचे बोलणेही पूर्ववत सुरू झाले.

धाकट्या नणंदेची मुलगी बेळगावात वास्तुकलेचे शिक्षण घेत आहे. ती सुटीत आली व मोजपट्टी घेऊन कामाला लागली. मी सकाळच्या भाकऱ्या करीत असताना तिने माझी पावले मोजली. घडवंची, चूल, मांडणी आणि मोरी यांच्यामध्ये माझी एकशे अठरा पावले झाली. तिने मला एक हकीकत सांगितली. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात १९२६ साली कामगारांसाठी स्वस्त घरे बांधीत असता मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी असेच पावलांचे व वेळेचे हिशेब मांडून एक स्वयंपाकघर रचले. ते सहा-सव्वासहा फूट रुंद व सुमारे अकरा फूट लांब, म्हणजे आमच्याहून बरेच लहान, आणि तशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. आज दुकानातून जी चकचकीत कपाटे मांडलेली असतात त्यांचे मूळ या गरिबांच्या स्वयंपाकघरात आहे, हे ऐकून मला गंमत वाटली. त्या बाईंनी कपाटांना निळा रंग दिला होता, कारण माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत अशी त्या वेळी समजूत होती. आपल्याकडेही चुन्यात नीळ घालतात. ती माश्यांसाठी नव्हे, पांढरेपणा खुलावा म्हणून. पण निळीशी दोन्हीकडच्या बायकांचा संबंध आलाच म्हणावयाचा.

भाचीने कागदावर सुंदर आराखडा काढला. त्यात चूल, पाणी व मांडणी यांचा त्रिकोण साधला होता आणि मिठाचा कोनाडा बुजविला होता. मी तिला आजीच्या बोटांतला नकाशा दाखविला. मुलगी समंजस, तिने कागद उलटा करून पुन्हा आरंभ केला. जुन्या वस्तू जेथल्या तेथे ठेवावयाच्या आणि नव्या वस्तू त्यांच्या सोयीने बसवावयाच्या, असे ठरले.

पहिला खर्च उजेडाचा केला. भगिनींनो, स्वयंपाकघर सुंदर दिसावे अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी रंगाचा डबा विकत घेण्यापूर्वी छपराकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मंगळुरी कौलाची घडणच अशी की, एक कौल काढून त्याच मापाचे काचेचे कौल तेथे बसते. वासा कापावा लागत नाही की गवंडी बोलवावा लागत नाही. (या कौलांचा कारखाना बासल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या गृहस्थांनी १८६५ साली मंगळुरात काढला. तेव्हापासून आपल्या प्रदेशातील किती पिढ्या त्यांच्या खाली कोरड्या निजल्या असतील!) दोनशे ऐंशी रुपयांस एक, अशी सहा काचेची कौले घेतली: दोन मोरीवर, दोन ओट्याच्या जागेवर आणि दोन सासूबाई बसतात त्या भिंतीलगत. उन्हाचा कवडसा थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती उत्तरेकडील पाख्यावर घातली. अर्ध्या तासाचे काम, पण यजमान शिडीवरून उतरले तेव्हा आम्ही सारे गप्प उभे होतो. कारण आता काजळी खरोखरच दिसू लागली होती.

काजळी काढण्यास तीन दिवस लागले. धुराचा तेलकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही आणि त्याच्यावर चुना धरत नाही. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून काथ्याच्या ब्रशाने भिंत घासली, खरवडली, पुन्हा धुतली. मग चुना. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे तयार रंग मिळतात, परंतु जांभ्याच्या भिंतीला चुन्यासारखे दुसरे काही मानवत नाही, असे माझे मत आहे. जांभा ओल शोषतो व सोडतो. चुना त्या ओलीला वाट देतो, तेलरंग ती कोंडतो आणि मग पोपडे धरतात. शिवाय चुना तीव्र क्षारयुक्त असल्यामुळे बुरशीला तेथे सहजासहजी थारा मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने ज्यांच्या भिंती हिरव्या होतात त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

कळीचा चुना वीस किलो आणला. तो विझविताना पाणी उकळू लागते, म्हणून पत्र्याच्या पिंपात आधी पाणी घ्यावे व त्यात चुना थोडा थोडा सोडावा. मुले दूर ठेवावीत, डोळ्यांची काळजी घ्यावी. विझलेला चुना चार दिवस तसाच मुरू दिला, नंतर जुन्या धोतरातून गाळून त्यात डिंकाचे पाणी, मूठभर मीठ आणि निळीची चिमूट घातली. मिठाने ओल थोडी अधिक टिकते व चुना सावकाश घट्ट होतो. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातून जो वायू निघून जातो, तोच वायू चुना भिंतीवर वाळताना हवेतून पुन्हा घेतो आणि भिंतीवर पातळ दगडाचा थर होतो. म्हणून घाई करून उपयोग नाही. भिंत आधी भिजवावी, चुना दुधासारखा पातळ असावा, आणि पहिला हात पाण्यासारखा पारदर्शक दिसला तरी निराश होऊ नये. वाळल्यावर तो पांढरा होतो. आमच्या चुलीमागच्या भिंतीवर दुसऱ्या हातानंतरही पिवळे डाग वर आले, तेथे तिसरा व चौथा हात दिला. चुना, नीळ, डिंक, सोडा व दोन कुंचे मिळून एक हजार चारशे पन्नास रुपये लागले. कुंचे मी व मुलाने चालविले.

आता शोभेची गोष्ट. पांढऱ्या भिंतीत पांढरा कोनाडा सासूबाईंना दिसेना. पूर्वी काळ्या भिंतीतही दिसत नसे, पण तेव्हा त्या डोळ्यांचा उपयोगच करीत नसत. भाचीने सांगितले की, अंधुक दृष्टीच्या माणसाला वस्तू मोठी करून दाखविण्यापेक्षा तिच्यामागे विरोधी रंग असणे अधिक उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक कोनाड्याभोवती चार बोटे रुंद गेरूचा पट्टा ओढला. तसाच दाराच्या चौकटीभोवती, उंबऱ्याच्या कडेला आणि भिंत जेथे जमिनीला मिळते तेथे. गेरू डिंकाच्या पाण्यात कालविला होता. पाच कोनाड्यांच्या पाच तांबड्या चौकटी पांढऱ्या भिंतीवर अशा उठून दिसू लागल्या की, पाहावयास आलेल्या शेजारणी हा कोठला नमुना म्हणून विचारू लागल्या. दोघींनी आपल्या घरी तसेच पट्टे ओढले. आमच्या पट्ट्यांचे कारण मी त्यांना सांगितले नाही. सासूबाईंना ते आवडले नसते.

याच न्यायाने खानापूरच्या कुंभारांकडून सहा गडद तपकिरी पेले व वाडगे चारशे वीस रुपयांस आणले. स्टीलच्या पेल्यात दूध किती झाले हे त्यांना कळत नसे. तपकिरी पेल्यात पांढरी कड चढताना दिसते.

चुलीचा प्रश्न नाजूक होता. चुलीचा धूर फुप्फुसांना बाधतो आणि त्याने मोतीबिंदूचाही धोका वाढतो, हे आता वैद्यकाने नि:संशय मानले आहे. त्यातून गॅसची शेगडी व पेटती चूल एका बंदिस्त खोलीत असणे धोक्याचे; हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर जमिनीलगत पसरतो आणि चूलही जमिनीलगतच पेटते. तेव्हा चूल तेथून हलणे भाग होते. पण चुलीवरच्या भाकरीवाचून सासूबाईंना जेवण जात नाही, आणि नाताळातल्या मोठ्या पातेल्यांना गॅस परवडत नाही. शेवटी मागल्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच, तीच माती भिजवून चूल पुन्हा घातली आणि तिला मातीच्या नळांचे धुराडे बसविले. नळांना नऊशे रुपये पडले. धूर बाहेर नेणाऱ्या चुलीची कल्पना आपल्या देशात नवी नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली होती, आणि हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली या विषयावर एक स्वतंत्र इंग्रजी पुस्तकच लिहिले. सत्तर वर्षांत ती घरोघरी का पोहोचली नाही, याचे उत्तर मला वाटते एवढेच की, चूल कोठे असावी हे ठरविणारे बहुधा चुलीपुढे बसत नाहीत.

चूल हलली, पण चुलीची जुनी जागा आम्ही मोडली नाही. तेथे एक फूट उंचीचा बसका कट्टा केला. सासूबाई पूर्वी जेथे बसत तेथेच आताही बसतात. पाठीला तीच भिंत, उजव्या हाताला तोच कोनाडा, डोक्यावर काचेचे कौल. लसूण सोलणे, तांदूळ निवडणे, कोथिंबीर खुडणे त्यांच्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्यांनी हाताने कट्टा चाचपला, भिंत चाचपली, मिठाची बरणी उचलून पुन्हा ठेवली आणि मग म्हणाल्या, ‘चुलीची ऊब तेवढी नाही.’ त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. थंडीच्या दिवसांत त्या पडवीत जाऊन बसतात.

बाकीचे थोडक्यात सांगते. विटांच्या दोन खांबांवर जुना, कोणाच्या तरी पाडलेल्या घरातील कडप्पा अठराशेला घेऊन बत्तीस इंच उंचीचा ओटा केला. शेगडी त्याच्यावर आणि सिलिंडर खाली, उभा, उघड्या हवेत. नळी नवी घेतली, दोनशे रुपयांची, व ती पाच वर्षांनी बदलावयाची म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवली. ओट्याखालच्या उरलेल्या जागेला माझ्या दोन जुन्या इरकली लुगड्यांचे पडदे शिवले. सिलिंडरपुढे मात्र पडदा नाही. फुटका कोबा उकरून तांबडा रंग घातलेल्या सिमेंटने दुरुस्त केला आणि आठ दिवस पाणी घालून ठेवला. या सिमेंट-वाळू-रंगाला दोन हजार तीनशे व गवंडी आणि त्याच्या मदतनिसाला तीन हजार गेले. माळ्यावर पडलेल्या फणसाच्या फळ्यांतून सुताराने मांडणी नीट केली व एक नवी फळी ठोकली, त्याचे अडीच हजार. दोन दिवे व तारांचे काम अकराशे. ने-आण पाचशे.

पितळी भांड्यांविषयी मात्र चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत. आमच्याकडे ती माळ्यावर पोत्यात होती. सासूबाईंच्या सासूबाईंची दोन पातेली, एक तपेली, एक मोठा डबा व कासंडी. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. मी ती चिंचेने घासली, साडेबाराशे देऊन त्यांना कल्हई लावून घेतली आणि नव्या फळीवर मांडली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो नसेल तर आंबट पदार्थ पितळेत कळकतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. कौलातून दुपारचे ऊन त्या भांड्यांवर पडते तेव्हा दोन लाख चाळीस हजारांची कपाटे मला आठवतसुद्धा नाहीत. मुलाला अजून आठवत असतील. तो काही म्हणत नाही.

सारा हिशेब सतरा हजार शंभर रुपयांचा झाला. उरलेले नऊशे यजमानांनी परत घेतले नाहीत.

सूनबाई मे महिन्यात घरी आली. पहिले दोन आठवडे ती भांडी धुऊन आपल्या माहेरच्या पद्धतीने लावीत असे आणि मी ती मागाहून गुपचूप मूळ जागी ठेवीत असे. एके दिवशी सासूबाई हळदीच्या जागी हात घालून तशाच उभ्या राहिल्या. तेथे साखर होती. सूनबाई तिथेच होती. तिने ते पाहिले, डबे बदलले, आणि संध्याकाळी आजीजवळ बसून प्रत्येक वस्तूची जागा विचारून घेतली. सासूबाईंनी तिचा हात धरून कोनाड्याकोनाड्यातून फिरविला, आणि अशा काही जागा सांगितल्या ज्या पस्तीस वर्षांत मलाही ठाऊक नव्हत्या. जायफळ ठेवण्याची एक लहानशी खोबण पाचव्या कोनाड्याच्या छतात आहे. चुना देताना आम्ही ती बुजविली नाही, हे नशीब.

तिची एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मोरीच्या फरशा फुटलेल्या आहेत, पाणी तुंबते आणि पाय घसरतो. आजींच्या दृष्टीने तर ते अधिकच वाईट. नऊशे रुपयांत ते काम होणार नाही. सूनबाईने आपल्या शिवणकामाचे काही पैसे त्यात घालावयाचे ठरविले आहे, आणि काजूचा हंगाम बरा गेला तर येत्या मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, गवंड्याला बोलावणार आहोत.